ऐकायची काठी

कानसेन निवृत्त झाले आणि नवव्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की आपले कान गेले.

हा धक्का साधा नव्हता. बत्तीस वर्षं ते पाणीपुरवठा खात्यात कानांवर पोट भरत होते. रस्त्याखालची नळवाहिनी नेमकी कुठे गळतेय, हे वरून ऐकून सांगायचं, एवढंच त्यांचं काम. साधन म्हणजे पुरुषभर उंचीची एक पोलादी काठी आणि तिच्या वरच्या टोकाला बसवलेली लाकडी वाटी. काठी रस्त्यावर टेकायची, वाटीला उजवा कान लावायचा आणि डावा हात वर करायचा. तो हात वर गेला की खड्डा खणणाऱ्यापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सगळ्यांनी तोंडं मिटायची. एकदा एका मंत्र्यालासुद्धा वाक्य अर्धवट सोडावं लागलं होतं. मग कानसेन बुटाच्या टाचेनं खूण करायचे आणि म्हणायचे, "इथं. सहा फूट." खणलं की सहा फुटांवर पाणी. खात्यानं मध्यंतरी परदेशी यंत्र आणलं. ते महिनाभरात दुरुस्तीला गेलं आणि तिकडेच रमलं. 'कानसेन' हे नावही खात्यानंच ठेवलेलं. ते इतकं चिकटलं की निरोपसमारंभाच्या मानपत्रावर खरं नाव कंसात छापावं लागलं.

अशा माणसाला स्वतःच्या घरात काही ऐकू येईना. सकाळी चहा समोर यायचा, कपबशीचा आवाज व्हायचा आणि त्यानंतर दुपारपर्यंत काही नाही. बायकोच्या ओठांकडे पाहावं तर ते मिटलेले. आता हे ओठ बोलून झाल्यावर मिटलेत की बोलायच्या आधीच, हे नुसतं बघून कसं कळणार? दोन आठवडे त्यांनी कळ काढली. मग कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि मुंगीच्या शिंकेएवढे आवाज सोडले. कानसेनांनी एकूण एक टिपले. शिवाय बाहेर आल्यावर खोलीच्या पंख्याला तेल घालायला सांगितलं.

"काका, हे कान विशीतल्या मुलाचे आहेत. कुणाचे लावून आलात?" बाई म्हणाल्या.

"मग मला घरात काही ऐकू का येत नाही?"

बाईंनी चिठ्ठी लिहायला उचललेलं पेन खाली ठेवलं. "घरात बोलतं कोण?"

घरी येताना त्यांनी मुलीला फोन केला. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी असते आणि वडिलांचा फोन आला की आधी कोण गेलं ते विचारते. कुणी गेलेलं नाही, पण आईचं लक्षण ठीक दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं. बोलणं बंद झालंय. घशाचं काही असेल, मेंदूचंही असू शकतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, आई माझ्याशी रोज पाऊण तास बोलते. काल खालच्या मजल्यावरच्या मांजराचं सगळं चरित्र सांगितलं तिनं."

"कधी?"

"दुपारी चारला. तुम्ही फिरायला जाता तेव्हा."

म्हणजे गळती होती, पण त्यांच्या बाजूला थेंबही येत नव्हता.

कानसेन हे कामाला घाबरणारे नव्हेत. बिघाड कळला की त्याचं कारण शोधायचं, एवढं खात्यानं त्यांच्या हाडात मुरवलेलं. वाचनालयाच्या दारावर एक कागद बरेच दिवस डकवलेला होता: 'मानसशास्त्राची ओळख. माणूस असा का वागतो? एकूण बारा तास. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार.' त्यांनी नाव घातलं, दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर खात्याच्या सवयीप्रमाणे लिहिलं: 'ठिकाण: स्वयंपाकघर. तक्रार: पुरवठा बंद.'

वर्गात जेमतेम पाच डोकी. पार्लरवालीला कळून घ्यायचं होतं की खुर्चीत बसल्या बसल्या बायका तिला सगळं का सांगतात आणि हे थांबवता येईल का. विमा एजंटाला लोकांनी 'नाही' का म्हणावं हे समजत नव्हतं. एका बाईंच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्या आतापासून सासूपणाची तयारी करत होत्या. निवृत्त हेडमास्तर केवळ शिकवणाऱ्या मुलीच्या चुका काढायला यायचे. शिकवणारी कानसेनांच्या मुलीहून लहान होती. खडू हातात घेतला की तो मोडायचा. पण सांगायची असं की वाटावं, ही आपल्या घरी येऊन गेलेली दिसते.

दुसऱ्या तासाला कबुतर आलं. पेटीत ठेवलेलं कबुतर भिंतीवरची कळ टोचतं, दाणा पडतो, म्हणून ते पुन्हा टोचतं. ज्या वागण्यामागून बक्षीस येतं ते वागणं वाढतं. ह्याला प्रबलन म्हणतात. कबुतर नव्हे, पारवा, असं हेडमास्तरांनी सुचवलं. कानसेनांनी वहीत 'दाणा' ह्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

त्याच संध्याकाळी बायको म्हणाली, "पंखा बंद करा."

"छान," कानसेन म्हणाले. "फार छान बोललीस."

तिनं त्यांच्याकडे मीटर बघायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि स्वतःच उठून पंखा बंद केला. तोंडी दाणा लागू पडत नाही, असं वहीत नोंदवून त्यांनी दुसऱ्या दिवशी संत्री आणली. ती काही बोलली की सोललेली एक फोड तिच्यापुढे ठेवायची. तिसऱ्या फोडीला ती म्हणाली, "मला संत्र्यानं खोकला होतो. पहिल्यापासून होतो." आठवड्यातलं सगळ्यांत लांब बोलणं होतं ते. कानसेनांनी प्रयोग यशस्वी ठरवला आणि उरलेली संत्री स्वतः खाल्ली.

चौथ्या तासाला समोरच्याचं बोलणं आपल्या शब्दांत परत त्याला सांगायला शिकवलं, म्हणजे म्हणे त्याला आपण ऐकलं गेल्यासारखं वाटतं.

"दूध संपलंय," बायको म्हणाली.

"म्हणजे तुला असं वाटतंय, की दूध संपलंय."

"वाटत नाही. संपलंय."

हे सगळं त्यांनी वर्गात प्रामाणिकपणे वाचून दाखवलं. पार्लरवाली इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. शिकवणाऱ्या बाईसुद्धा हसल्या, पण लवकर थांबल्या. म्हणाल्या, "काका, एवढा खटाटोप नको. सगळ्यांत लहान दाणा सांगते. 'मग?' समोरचा काही सांगायला लागला की फक्त 'मग?' म्हणायचं आणि त्याच्याकडे बघत गप्प बसायचं."

एक शब्द, दोन अक्षरं. कानसेनांनी तो आंघोळ करताना घोटला, आरशासमोर घोटला. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, शेवटचा थांबा आला, तर ह्यांनी 'मग?' विचारलं. मग उतरा, असं उत्तर आलं. घरी बायको म्हणाली, जेवण वाढलंय. ह्यांनी मान वर करून, तिच्याकडे बघत 'मग?' केलं. मग गार होईल, ती म्हणाली.

हरकत नाही, असं ते स्वतःला सांगत होते. झडप बराच काळ बंद असली की पहिल्या झटक्यात फिरत नाही.

सातव्या तासाला बाईंनी फळ्यावर 'विलोपन' असा शब्द लिहिला. कळ टोचली तरी दाणा पडायचा बंद झाला तर कबुतर काय करतं? लगेच थांबत नाही, बाई म्हणाल्या. उलट आधी जोरजोरात टोचायला लागतं. पंख आपटतं, पेटीभर धिंगाणा घालतं, कधी न केलेल्या गोष्टी करून बघतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे पिसाळलं. खरं तर ते शेवटचं मागून बघत असतं. तरी दाणा पडला नाही, की मग एकेक करून सगळं थांबतं. पेटीत शांतता होते.

वर्गात कुणीतरी जांभई दिली. कानसेनांचं पेन वहीवर टेकलेलं होतं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

नोकरीत असताना पहाटे साडेपाचला ते कामावर निघायचे. रस्ते शांत असतात तेव्हाच पाणी ऐकू येतं. निघण्याआधी स्टुलावर बसून बूट घालायचे, आणि ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून बोलायची. सगळी वर्षं हीच तिची बोलायची वेळ. काय बोलायची, हे त्यांना आत्ता आठवेना. स्वतःचं उत्तर मात्र आठवत होतं: 'हं'. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडलं तेव्हा हं, जुळलं तेव्हाही हं. आणि बोलणं लांबलं की डावा हात वर जायचा, कारण भिंतीतल्या नळाचा आवाज त्या वेळी फार स्वच्छ यायचा आणि कानाला कामाआधी तेवढीच तालीम मिळायची.

सहा वर्षांपूर्वी मध्येच तिचा आवाज चढला होता. भांडी आपटत होती, एकच गोष्ट तीनतीनदा सांगत होती, ऐकायला कुणी नसताना खिडकीशी बोलत होती. वय झालं, बडबड वाढली, असं त्यांनी खात्यात सांगितलं होतं आणि सगळे हसले होते. आणि एका पहाटे तिनं कोपऱ्यातली काठी उचलली. पोलादी टोक स्वतःच्या छातीवर टेकवलं, लाकडी वाटी त्यांच्या कानाशी धरली आणि म्हणाली, "ऐका."

त्यांनी काठी तिच्या हातातून काढून घेतली. टोक बोथट होईल, असं म्हणाले.

त्यानंतर ती कधी गप्प झाली? त्यांना सांगता येईना. रस्त्याखाली सहा फुटांवर थेंब पडला तर तो कुठल्या मिनिटाला पडला, हे ते सांगू शकत होते.

तास संपल्यावर सगळे गेले तरी ते बसून राहिले. बाई फळा पुसत होत्या. त्यांनी विचारलं, ते कबुतर पुन्हा कधीच टोचत नाही का?

"टोचतं कधीकधी," बाई म्हणाल्या. "बऱ्याच काळानं, त्याच पेटीत असताना, आपलं आपणच. कुणी शिकवावं लागत नाही. पण ते टोचणं फार हलकं असतं हं, काका. एखाद-दुसऱ्या वेळेपुरतं."

"आणि तेव्हा दाणा पडला तर?"

"तर पुन्हा सुरू होऊ शकतं."

"नाही पडला तर?"

बाईंनी डस्टर झटकलं. "मग फार लवकर थांबतं. आधीपेक्षा खूपच लवकर."

त्याच पेटीत, हे शब्द कानसेनांनी धरून ठेवले. पेटी तीच हवी. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गजराशिवाय उठले, माळ्यावरून खात्याचा खाकी गणवेश काढला, पोटावर जेमतेम बसवला, स्टुलावर बसले आणि बूट घालू लागले. बायको चहा टाकायला आली. तिनं गणवेश पाहिला, बूट पाहिले, काही विचारलं नाही. कानसेनांनी अर्धा तास लावून बूट बांधले. मग अर्धा तास लावून सोडले.

रोज हेच. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पाहिलं आणि परत रुजू झालात का म्हणून विचारलं. हो, तात्पुरता, असं ते म्हणाले. त्यांचं उठणं, बसणं, वाट बघणं, सगळं आता ओट्याकडच्या त्या पाठमोऱ्या आकृतीसाठी होतं. जिभेच्या टोकावर 'मग?' तयार ठेवलेलं. सुटायला फक्त निमित्त हवं. मध्ये वर्ग संपला. बाईंनी प्रत्येकाला एक प्रमाणपत्र दिलं आणि काय शिकलात म्हणून विचारलं. विमा एजंट म्हणाला, लोक 'नाही' म्हणतात कारण त्यांना नको असतं. पार्लरवालीनं आता खुर्चीशेजारी रेडिओ लावला होता. कानसेन म्हणाले की त्यांचं शेवटचं काम अजून चालू आहे.

चोविसाव्या पहाटे ती बोलली.

दूध गॅसवर होतं, तिची पाठ त्यांच्याकडे होती आणि आवाज इतका सहज आला, जणू मधली वर्षं कुणी काढून ठेवली होती. "काल स्वप्नात आपल्या पहिल्या घराचा जिना आला होता," ती म्हणाली. "मी आपली चढतेय, चढतेय, पायऱ्या काही संपत नाहीत. हातात पिशवी आहे, ती जड होत चाललीय. आणि वरून कुणीतरी..."

कानसेनांच्या हातातली बुटाची नाडी तशीच राहिली. श्वासही. बत्तीस वर्षांच्या नोकरीतही त्यांनी इतकं मन लावून काही ऐकलं नव्हतं. सगळा जीव कानात आला होता. आणि असा जीव कानात आला की ऐकू येतं ते सगळंच येतं. तिचा आवाज आला, दुधाची सायीखालची हालचाल आली आणि मोरीच्या मागे, भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर, अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढी फुसफुस आली.

ती आल्याचं त्यांना कळलं. हात वर गेल्याचं कळलं नाही.

आवाज थांबला तेव्हा त्यांनी नजर वर केली आणि स्वतःचा डावा हात हवेत पाहिला, पंजा उघडा, बोटं जुळलेली. ती वळली होती आणि हाताकडेच बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. रागाला निदान वळवता आलं असतं. ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं आणि हाक मारण्याआधी गर्दीत जावं, तसं काहीतरी तिच्या तोंडावरून गेलं. तिनं गॅस बंद केला.

"मग?" कानसेन म्हणाले. हात खाली घेताना त्यांचा कप सांडला. "मग काय झालं? वरून कोण? सांग ना."

"काही नाही," ती म्हणाली. "जाग आली." आणि दुधावर झाकण ठेवलं.

दहा वाजता प्लंबर आला. कानसेनांनी बोट ठेवलं तिथली भिंत त्यानं फोडली; आत नळाला टाचणीएवढं भोक होतं. नळ आत गळत होता आणि भिंत बाहेरून अजून कोरडी होती. त्यानं कपाळावर हात मारला. बारा वर्षांत असं बघितलं नाही, म्हणाला, काका, तुमच्या कानांचा विमा उतरवा. बायकोनं त्याला चहा दिला. तुला मुलं किती, धाकटी शाळेत जाते का, धूळ उडते तर तोंडाला फडकं का बांधत नाहीस, असं बरंच काही तिनं त्याला विचारलं. तोही सांगत होता. कानसेन दारात उभे राहून ऐकत होते. तिला लोकांना काय काय विचारायचं असतं, हे त्यांना आता कळत होतं.

पुढचे सहा दिवस त्यांनी गणवेश घातला. सातव्या दिवशी बायकोनं तो धुऊन, घडी करून माळ्यावर ठेवून दिला.

त्या दुपारी चार वाजता त्यांना कुठे जायचं नव्हतं. वर्ग संपला होता, फिरायला पाय उचलत नव्हते. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. कानसेन थोडा वेळ खुर्चीत बसले. मग उठले, निवृत्तीनंतरही कोपऱ्यातच राहिलेली काठी घेतली, टोक आतल्या खोलीच्या भिंतीवर अलगद टेकवलं आणि वाटीला कान लावला.

भिंत अर्ध्या विटेची. शब्द न् शब्द आला.

मांजराला पिल्लं झाली होती, चार. प्लंबरची धाकटी मुलगी चित्रं काढते. मग जिना आला. "चढतेय, चढतेय, आणि वरून कुणीतरी विचारतंय, कोण आहे? मला ओ द्यायचीय गं, पण माझं मलाच नाव आठवेना. आता काय सांगायचं? मी आपली चढतेच." ती हसली. किती दिवसांनी ऐकलं हे हसू. अजून तस्संच होतं, शेवटी एक हिसका घेणारं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "सांगायला गेले होते ना त्यांना. अगं नाही, रागावले कुठे? नळ गळत होता."

पलीकडून मुलगी बोलत असावी.

"छे गं," ती म्हणाली. "आता नाही वाईट वाटत. आधी वाटायचं."

मग जपून राहा, पोरांना ओरडू नकोस, असं नेहमीचं काहीबाही झालं आणि फोन ठेवल्याचा आवाज आला. पलंग करकरला. ती आडवी झाली असावी.

"मग?" कानसेन भिंतीला म्हणाले.

काठी आवाज एकाच दिशेनं आणते. ते त्यांना माहीत होतं, कुणाहीपेक्षा जास्त. तरी कान वाटीला लावून ते तसेच उभे राहिले. नळ दुरुस्त झाले होते. भिंतींतून कुठूनही काही येत नव्हतं. बऱ्याच वेळानं खांदा दुखायला लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की डावा हात वर आहे. घरात गप्प करायला कुणी बोलतच नव्हतं. तो खाली कसा घ्यायचा, हे काही क्षण त्यांना आठवेना.